गोल नदीचा अहवाल

बाई,

उद्या सकाळी मला एका नदीचा अहवाल सादर करायचा आहे, आणि ती नदी गोल फिरते. अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना आहे: प्रवाहाची दिशा. बाकीचे सगळे रकाने मी भरून टाकले. हा एवढा एक सकाळपासून कोरा आहे. तो भरता येईना म्हणून वही बाजूला सारली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत तुम्हाला काही विचारावे असे पुष्कळदा वाटले, पण विचारणे मला कधी जमले नाही हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

मी आता बंगळुरात असते. मामांची नोकरी इथल्या एका सरकारी कारखान्यात, संशोधन विभागात. त्यांच्याकडे यशवंतपूरला राहते आणि रोज मेट्रोने बसवनगुडीतल्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवायला जाते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येक तास आदल्या दिवशी घरी मोठ्याने म्हणून पाहत असे, आणि स्वयंपाकघरातून मामी विचारत, "अगं, कुणाशी भांडतेयस?" वर्गात माझे इंग्रजी अजूनही छापल्यासारखे येते, मुले त्याला हसत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. कन्नड मला कळते, बोलता येत नाही. नेमणूक अद्याप कायम झालेली नाही. ती या वर्षी व्हायची आहे, आणि तिच्या आधी ही क्षेत्रभेटीची फाइल पूर्ण व्हायची आहे, असे मुख्याध्यापिकाबाईंनी अतिशय गोड शब्दांत सांगितले आहे.

तुमच्या क्षेत्रभेटीला बस नसे. एका हातात मोजणीसाठी दर मीटरला गाठ मारलेला दोर, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत रिकाम्या बाटल्या आणि मातीसाठी वर्तमानपत्राचे तुकडे, अशा तुम्ही पुढे आणि आम्ही चाळीसजण मागे. निघण्यापूर्वी एकच नियम: "पुस्तकं वर्गात राहतील. नदीला वाचता येत नाही." आणि परत येताना प्रत्येकाने पुस्तकात नसलेली एक तरी गोष्ट आणायची. एका मुलाने घाटावरच्या परटिणीकडून आणले होते, की घाटाच्या वरच्या अंगाला साबणाचा फेस कमी होतो आणि खालच्या अंगाला जास्त. तुम्ही त्या मुलाला वर्गासमोर उभे करून ते दोनदा सांगायला लावले. तो नापासांच्या रांगेतला मुलगा, आनंदाने त्याचे कान लाल झाले होते. मी मात्र घाटाच्या वरच्या पायरीवर बसून रकाने आखत होते. परटिणीला काय विचारायचे, कशी हाक मारायची, ती हसली तर काय करायचे, याचाच विचार करता करता निघायची वेळ झाली. घरी जाऊन मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. समास आखलेला, शीर्षके अधोरेखित केलेली. त्यात लिहिले, की दख्खनच्या पठाराच्या उतारास अनुसरून आमची नदी पूर्वेकडे वाहते.

तोपर्यंत माझ्या वह्यांवर लाल शाईने 'उत्तम' किंवा 'सुंदर' याखेरीज काही उमटलेले नव्हते. त्या अहवालाखाली तुम्ही लिहिले: "हे सगळे पुस्तकात बरोबर आहे. तू कुठे होतीस?"

ती वही मी घरी दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला एकटीला नदीवर घेऊन गेलात. घाटाच्या खाली नदी जो वळसा घेते, तिथल्या सपाट दगडावर आपण उभ्या राहिलो. उंबराचे एक पान तुम्ही पाण्यावर सोडलेत आणि म्हणालात, "बघ. घाई नाही. मग सांग कुठं जातंय." थोड्या वेळाने मी म्हणाले, "पश्चिमेकडे." तुम्ही माझ्या पाठीवर असा हात मारलात की मी दगडावरून घसरणार होते. "बघ! तेवढ्या वळशापुरती ती उलटी जाते. पुढं परत पूर्वेला वळते. पुस्तकाला तेवढा वळसा दिसत नाही गं. पुस्तक फार लांबून बघतं."

तिथून तुम्ही मला घरी नेले. तुमच्या स्वयंपाकघराच्या फळ्यांवर शाळेतून बाद झालेले जुने नकाशे अंथरलेले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तुम्ही स्टो पेटवत म्हणालात, "साखर काढ. आफ्रिकेवर आहे. वाळवंटाच्या जरा खाली." मी डबा काढला, त्याच्या बुडाचे गोल वर्तुळ काँगोच्या खोऱ्यावर उमटलेले होते. चहा आशियावर होता, रवा दक्षिण अमेरिकेवर. तुम्ही एकट्याच राहत होता, आणि मला वाटले होते की एकट्या माणसाचे स्वयंपाकघर उदास असेल. त्या दिवशी मी तुमच्याकडे दोन वाट्या उपीट खाल्ले आणि एक वाक्यही धड बोलले नाही.

पुढे ती पानाची गोष्ट तुम्ही प्रत्येक वर्गाला सांगू लागलात. दहावीत मी केंद्रात पहिली आले तेव्हा सत्काराच्या वेळी व्यासपीठावरूनही सांगितलीत: "हिचे गुण सोडा. हिनं एकदा पाण्यावरचं पान पाहिलं. त्या दिवशी ही भूगोल शिकली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले. लाजते आहे असे सगळ्यांना वाटले. इतके गुण असताना मी शास्त्र शाखा सोडून भूगोल का घेतला, हे मामांना अजून कळलेले नाही. त्या पानामुळे, असे मी त्यांना सांगते. गाव सोडून निघाले तेव्हा तुम्ही तो गाठींचा दोर माझ्या पिशवीत घातलात. "मला आता नदीपर्यंत चालवत नाही. दहा मीटर आहे. एक गाठ सुटली होती, परत मारली आहे, म्हणजे नऊ मीटर आणि थोडा जास्त समज." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तेव्हा माझी परीक्षा चालू होती. पेपर बुडवून यायला हवे होते का, हे कोणाला विचारावे ते मला कळले नाही, आणि मी पेपर दिला.

आता इथले सांगते. या वर्षी नद्यांचा धडा सुरू केला तेव्हा मुलांनी एकमुखाने सांगितले, "मिस, बँगलोरला नदीच नाही." बाई, आमची शाळा जिथे आहे त्याच भागात, बसवाच्या, म्हणजे नंदीच्या, देवळाजवळ एका नदीचा उगम आहे. वृषभावती तिचे नाव. शहराच्या मधोमध जो उंचवटा आहे त्याच्या पश्चिम उतारावरून ती नैऋत्येला जाते, पुढे अर्कावतीला मिळते, आणि तिच्याबरोबर कावेरीला. निम्मी मुले रोज व्हॅनमधून तिच्यावरून येतात. पूल आला की सगळी नाक दाबून एका सुरात ओरडतात. ते त्यांचे नेहमीचे स्थळ आहे. फक्त ती नदी आहे हे त्यांना ठाऊक नाही. मी ठरवले की यांना न्यायचे. दोन तास, पायी, उगमापासून त्या पुलापर्यंत. पुस्तके वर्गात.

आधी जागा पाहून यावी म्हणून मी शाळेच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कांना वाट विचारली. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. त्यांचे घराणे मराठी, पण तीन पिढ्या इथलेच. मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही ते मला अक्का म्हणतात. मराठीत कन्नड मिसळत ते म्हणाले, "सरी, चला. एकट्या जाऊ नका, त्या बाजूला वाट स्वल्प खराब आहे." एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही गेलो. पुलाच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी खाली बोट दाखवले. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, तळाशी काळे पाणी, त्यावर पांढरा फेस. मला तुमच्या परटिणीची आठवण झाली. अण्णा रुमाल नाकाला लावून म्हणाले, "आमचे आजोबा हिच्यात पोहायचे. मी नाक धरून जातो. माझी नातवंडं कारची काच वर करून जातात. बघा अक्का, पाच पिढ्यांत केवढी प्रगती." मग त्यांनी पुलाशेजारच्या टायरवाल्याशी कन्नडमध्ये गप्पा सुरू केल्या. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते त्याने दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून दाखवले, त्याच्या खांद्याइतके. पुस्तकात नसलेली गोष्ट मला आयती मिळाली होती. त्याला अजून खूप विचारायचे होते. अण्णांनी विचारले तेवढेच कळले.

मुख्याध्यापिकाबाईंसमोर मी क्षेत्रभेटीचे महत्त्व सांगितले. दहावीच्या पेपरात ते उत्तर लिहून मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. सहा मुद्दे, तेच मनात इंग्रजीत करत करत मी म्हटले. त्या मन लावून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "ब्यूटिफुल! हे मला लिहून द्या, फाइलच्या पहिल्या पानावर टाकू." मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण मिस, गटारावर? पालकांच्या ग्रुपवर काय होईल, कल्पना आहे? उद्या एकाला ताप आला तर तो मच्छरांचा नसला तरी आपलाच." मी म्हणाले, "मॅडम, नदी आहे ती." त्या हसल्या, दुष्टपणाने नाही. म्हणाल्या, "नदी पाहिजे ना तुम्हाला? रिसॉर्टला आहे की. लेझी रिव्हर. मुलं खूश, पालक खूश." आणि नकाशावर बोट ठेवून पुढे म्हणाल्या, "आणि रिसॉर्ट त्याच खोऱ्यात येतं ना? मग झालं. फाइलवर लिहा, क्षेत्रभेट, वृषभावती खोरे." बाई, ते खरोखरच त्या खोऱ्यात येते. मी नकाशा पाहिला. माझ्याजवळ सातवा मुद्दा नव्हता.

बाहेर आल्यावर अण्णांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका अक्का. इथं पोरं भिजलेली चालतात, वास मारलेली चालत नाहीत."

तर आम्ही गेलो. रिसॉर्टची नदी कमरेएवढी खोल आहे, तळाला निळ्या फरशा आहेत आणि ती एका बेटाभोवती फिरते. बेटावर भजी आणि आइस्क्रीम मिळते. मुले रबराच्या टायरांत पडून तरंगत होती, वळणावर एकमेकांना लाथा मारत होती. ती इतकी आनंदात होती की मला त्यांच्यावर रागावताही येईना. मी चपला हातात धरून, गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभी. माझ्याजवळ एक मुलगी येऊन बसली. वर्गातली पहिली, तिसऱ्या बाकावर बसते, हात कधी वर करत नाही, वहीचा समास पट्टीने आखते. पाण्यात उतरायला लाजत होती. पुष्कळ वेळाने तिने विचारले, "मिस, ही कुठून कुठे जाते?"

मी शेजारच्या कुंडीतले एक पान तोडून पाण्यावर टाकले आणि म्हणाले, "बघ. घाई नाही." दोघी पाहत राहिलो. पान डावीकडे गेले, बेटामागे दिसेनासे झाले, आणि पाच-सहा मिनिटांनी उजवीकडून परत आले. माझ्याकडे बघून ती काहीतरी विचारणार होती. तेवढ्यात जाळीचा दांडा घेतलेल्या माणसाने ते पान अलगद उचलले आणि मला म्हणाला, "मॅडम, कस हाकबेडी." कचरा टाकू नका. एवढे कन्नड मला येते. मी मान डोलावली. थोड्या वेळाने ती मुलगी उठली, एक टायर घेतले आणि बाकीच्यांबरोबर तरंगू लागली. दर फेरीला माझ्यासमोरून जाताना हात हलवत होती.

परवा मुलांचे अहवाल आले. तिचा सगळ्यांत उत्तम आहे. वृषभावतीचा उगम, उपनद्या, प्रदूषणाची कारणे, उपाययोजना. सात पाने, शीर्षके अधोरेखित. एका ठिकाणी लिहिले आहे, की आम्ही निरीक्षण केले असता नदी नैऋत्येकडे वाहत असल्याचे आढळून आले. पुस्तकात ते बरोबर आहे. मी लाल पेन उघडले. तुमचे वाक्य माझ्या बोटांपर्यंत आले होते, बाई; चौदा वर्षे ते माझ्याजवळ आहे, आणि ते लिहिण्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग. पण ती कुठे होती हे मी तिला कोणत्या तोंडाने विचारू? ती कुठे होती ते मला माहीत आहे. मीच तिला तिथे नेले होते. शिट्टी माझ्याच गळ्यात होती. मी लिहिले 'उत्तम', आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

शुक्रवारी सुटताना अण्णांनी फाइल माझ्या हातात दिली. "तुमची सही तेवढी राहिलीये. करून टाका अक्का. तपासणीला येतात ते पानं मोजतात, नदी नाही मोजत." मला कळते की मी सही केली की या मुलांची या वर्षीची क्षेत्रभेट कागदोपत्री झाली. मग नदीवर नेण्याचे कारणच उरत नाही. दहावीत गेल्यावर वेळ मिळत नाही. ती मोठी होतील, त्या पुलावरून नोकरीला जातील, नाक दाबतील. आणि सही केली नाही, तर जूनमध्ये माझ्या जागी दुसरी कोणी येईल आणि ती करील. हे दोन्ही मी वेगवेगळ्या कागदांवर लिहून पाहिले, जसे मी सगळेच लिहून पाहते. मुख्याध्यापिकाबाईंना पुन्हा जाऊन सांगावे, पालकांना पत्र लिहावे, निदान त्या एका मुलीला तिच्या आईसह एखाद्या रविवारी पुलावर घेऊन जावे, असेही मुद्दे काढले. आज रविवारच आहे. तिच्या आईचा नंबर माझ्याजवळ आहे. सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. "मी तुमच्या मुलीला एक गटार दाखवू इच्छिते" यापुढचे वाक्य कोणत्याही भाषेत सुचले नाही.

तुमच्या दोराचे सांगायचे राहिले. मी इथे आले त्याच आठवड्यात मामींनी तो बाल्कनीत कपडे वाळत घालायला बांधला. "चांगला मजबूत आहे गं, कुठून आणलास?" त्यांनी विचारले, आणि तो कशाचा आहे हे मी सांगितले नाही. गाठींमुळे चिमटे घसरत नाहीत म्हणून त्या खूश आहेत. आताही समोर मामांचे शर्ट वाळत आहेत, मीटरला एक याप्रमाणे.

रकाना मी आत्ता भरला. नैऋत्य. खाली सही केली. अक्षर चांगले आले आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार आहे असे नाही. तुमच्या घराचा पत्ता मला अजून तोंडपाठ आहे, पण त्या घरात आता दुसरे लोक राहतात, आणि आफ्रिकेवर काय ठेवले आहे त्यांनाच ठाऊक. वहीत राहील. पण वही मिटण्यापूर्वी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी दगडावर सांगितली नाही, तुमच्या स्वयंपाकघरात सांगितली नाही, आणि तुम्ही व्यासपीठावरून बोलत होता तेव्हा सांगणे शक्यच नव्हते. त्या संध्याकाळी मी पान पाहिले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कोणी रागावले होते. माझे डोळे भरून आले होते आणि पाण्यातले काहीच दिसत नव्हते. डोळे पुसले तर तुम्हाला कळेल म्हणून मी पुसले नाहीत. तुम्ही पानाच्या मागे मागे मान वळवत होता, आणि वळवता वळवता तुमच्या चेहऱ्यावर मावळतीचे ऊन आले, डोळे बारीक झाले. तेवढे दिसले. म्हणून म्हणाले, पश्चिमेकडे.

मी कुठे होते, असे तुम्ही विचारले होते. बाई, मी तुमच्याकडे बघत होते.